हरताळ, साखर आणि नानीची राख

नववीच्या वर्गाला मी मराठी शिकवते. शाळा उर्दू माध्यमाची, त्यामुळे मराठीचा तास मुलींना थोडा परका आणि थोडा गमतीचा वाटतो. एके दिवशी वाक्प्रचार चालू होते. मी फळ्यावर लिहिले, 'हरताळ फासणे'. मुलींना हरताळ म्हणजे दुकाने बंद, एस.टी. बंद आणि शाळेला सुट्टी, एवढेच ठाऊक. एकीने विचारले, "टीचर, हड़ताल को कैसे फासते?" सगळा वर्ग हसला. मीही हसले. मग सांगितले की संपाचा हरताळ वेगळा आणि हा वेगळा. तो हाट म्हणजे बाजार आणि ताळा म्हणजे कुलूप यांतून आला. हा संस्कृतातल्या हरितालातून आला. हे पिवळ्याधमक रंगाचे खनिज आहे. गंधक आणि आर्सेनिक, म्हणजे आपला सोमल, यांचे ते संयुग. जुन्या काळी पोथी लिहिताना अक्षर चुकले की त्यावर हरताळाचा लेप देत, चुकलेले अक्षर झाकून टाकत आणि वर नवे लिहीत. म्हणून 'वचनाला हरताळ फासला' म्हणजे वचन पुसून टाकले.

तेवढ्यात मागच्या बाकावरून एक आवाज आला. "टीचर, हमारी दादी भी हड़ताल बोलती थी. हड़ताल और चूना. बाल निकालने का." बोलून ती मुलगी स्वतःच दचकली आणि तिने दुपट्ट्यात तोंड लपवले. वर्गात एकदम शांतता पसरली. सगळ्या मुली वह्यांकडे पाहू लागल्या. मी बी.एड. केलेली शिक्षिका. विद्यार्थ्याच्या घरातल्या अनुभवाशी धडा जोडावा, असे परीक्षेत कितीतरी वेळा लिहिलेली. पण मी घाईघाईने पुढच्या वाक्प्रचाराकडे वळले.

त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी त्याच वर्गातली दुसरी एक मुलगी हाताला मलम लावून आली. घरात लग्न होते. काय झाले विचारले तर म्हणाली, चहा सांडला. पण मनगटापासून कोपरापर्यंत गेलेला तो भाजल्याचा डाग सरळ कडांचा होता, फुटपट्टीने आखल्यासारखा. चहा पट्टीच्या आकारात सांडत नाही. डब्यातले वॅक्स गॅसवर तापवून तिने स्वतःच हातावर ओढले होते, हे नंतर कळले. कुणाला विचारावे, तर विचारण्याजोगी बाब नव्हती. आणि विचारण्याजोगी बाई जी होती, तिने हरताळाचा तास घाईने उरकला होता.

त्या दिवसापासून मी या विषयाचा इतिहास जमेल तिथून गोळा करू लागले. हा लेख त्यातूनच झाला. साहित्याच्या वार्षिकात हा विषय कशाला, असे काहींना वाटेल. मला स्वतःलाही लिहिताना तसे वाटले. पण आपल्या किताबांत डोकावले की लक्षात येते, लाज आपली आहे, किताबांची नाही.

त्या मुलीच्या दादीचा हरताळ-चुना म्हणजे अरबी किताबांतला 'नूरा'. कळीचा चुना आणि हरताळ पाण्यात कालवून केलेला लेप. इस्लामी जगातल्या हमामांतून तो शेकडो वर्षे वापरात होता. एडवर्ड लेन नावाच्या इंग्रजाने इजिप्तमधल्या लोकांच्या चालीरीतींवर पुस्तक लिहिले, ते 1836 साली प्रसिद्ध झाले. त्यात त्याने प्रमाणही दिले आहे: चुना, आणि त्यात सुमारे आठवा हिस्सा हरताळ. पाण्यात कालवून अंगाला लावायचे. दोनेक मिनिटांत केस सैल होतात, की लगेच धुऊन टाकायचे. तुर्कस्तानात याला 'हमाम ओतू' म्हणजे हमामची वनस्पती म्हणत, जरी त्यात वनस्पती काही नसे. इराणात तर त्याचे नाव 'वाजिबी' पडले. वाजिब म्हणजे बंधनकारक. एखाद्या वस्तूची जरुरी समाजाला किती वाटत होती, हे तिच्या नावावरून कळते ते असे.

इब्न सिना (मृत्यू 1037) यांच्या 'अल-कानून'च्या चौथ्या किताबात केसांच्या प्रकरणात नूराची चर्चा येते. हकीम लोकांना हे औषधाचेच काम वाटे. ते करते काय, हे आज रसायनशास्त्र सांगते. केस केरॅटिन नावाच्या प्रथिनाचा असतो आणि त्याचे धागे गंधकाच्या बंधांनी एकमेकांना बांधलेले असतात. चुना आणि हरताळ यांच्या मिश्रणातून जे सल्फाइड तयार होते ते हे बंध तोडते, आणि केसाचा लगदा होतो. चामडे कमावणारेही कातड्यावरचे केस काढायला हेच मिश्रण वापरत. आज बाजारात ट्यूबमधून जी क्रीम मिळते तिच्यात सोमल नाही, थायोग्लायकोलेट असते. पण तीही तोडते तेच बंध. कातडीसुद्धा केरॅटिनचीच. म्हणून लेनच्या काळात दोन मिनिटे महत्त्वाची होती आणि आज डब्यावर छापलेली मिनिटे महत्त्वाची आहेत. मागच्या बाकावरच्या मुलीच्या दादीला केरॅटिन ठाऊक नव्हते, पण ती घड्याळाऐवजी काही आयती मोजत असेल, असे मला वाटते.

नूरा आला कुठून, याची एक कथाही आहे. सूरह नमलमध्ये हजरत सुलेमान आणि सबाची राणी यांचा किस्सा आहे. राणी महालात येते, काचेच्या फरशीला पाणी समजते आणि पोटऱ्यांवरचे वस्त्र वर घेते. कुरआनात एवढेच आहे. पण किस्से सांगणाऱ्यांचे एवढ्याने भागले नाही. त्यांनी पुढे रचले: राणीच्या पायांवर केस होते, सुलेमानांनी उपाय विचारला, माणसांनी वस्तरा सुचवला, पण लोखंडाने तिला इजा होईल म्हणून त्यांना तो पसंत पडला नाही, आणि मग जिन्नांनी नूरा तयार करून दिला. जुन्या तफसीरींत ही हकिकत नोंदलेली आहे. यहुद्यांच्या परंपरेतही तिच्या पायांवरच्या केसांची गोष्ट आहे. तिथे सुलेमान तिला सुनावतात की केस पुरुषाला शोभतात, बाईला नाही. इब्न कसीर (मृत्यू 1373) यांनी मात्र आपल्या तफसीरमध्ये या हकिकतींवर सरळ शंका घेतली आहे, हे सारे अहले-किताबकडून आलेले असावे असे त्यांचे मत. मला तर कमाल वाटते. कुरआनात ही बाई सल्लामसलतीने राज्य चालवते, लढाई टाळते, सिंहासन ओळखण्याची परीक्षा देते आणि शेवटी स्वतः विचार करून ईमान आणते. आणि सांगणाऱ्यांची नजर गेली कुठे, तर तिच्या पोटऱ्यांवर.

आता हदीसकडे येते. फितरतच्या पाच गोष्टी आपल्या मुलांना दीनियातच्या तासाला पाठ असतात: खतना, नाभीखालचे केस काढणे, काखेतले केस उपटणे, नखे कापणे आणि मिशा बारीक करणे. हजरत अबू हुरैरा यांची ही रिवायत बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. या कामांना चाळीस रात्रींपेक्षा जास्त उशीर करू नये, अशी मुदतही मुस्लिम शरीफमध्ये हजरत अनस यांच्याकडून आली आहे. मुले हे पाठ करतात ते एका दमात, अर्थावर न थांबता. नाभीखालच्या केसांसाठी तिथे शब्द आहे 'इस्तिहदाद'. हदीद म्हणजे लोखंड. इस्तिहदाद म्हणजे लोखंडाचे पाते वापरणे.

हाच शब्द आणखी एका हदीसमध्ये येतो, आणि ती वाचली तेव्हा मी किताब काही वेळ मिटून ठेवली. हजरत जाबिर सांगतात, की एका मोहिमेवरून परतताना मदिना जवळ आल्यावर सगळ्यांना घरी पोहोचण्याची घाई झाली. तेव्हा हुजूर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी त्यांना जरा थांबायला सांगितले, म्हणजे जिचे केस विस्कटलेले आहेत तिला ते विंचरायला वेळ मिळेल आणि जिचा नवरा बाहेरगावी गेलेला होता तिला अंगाची सफाई करता येईल. तिथे क्रियापद तेच आहे, लोखंडाचे. म्हणजे मदिनेच्या बायका पाते वापरत होत्या. आणि त्याहून मोठी गोष्ट अशी, की एक सगळा तांडा गावाच्या वेशीवर थांबवला गेला तो घरातल्या बाईला सवड मिळावी म्हणून.

आमचे गाव रत्नागिरी जिल्ह्यातले, खाडीकाठचे. नाना बोटीवर खलाशी होते. गावातले निम्मे पुरुष बोटीवर आणि उरलेल्यांतले निम्मे मुंबईला. वर्ष-वर्ष, दीड-दीड वर्ष माणूस घरी नसे. मग एक दिवस तार येई की बोट मुंबईला लागली आहे. तार इंग्रजीत असे, ती मास्तरांकडून वाचून घ्यावी लागे, म्हणजे नवरा येतो आहे हे बायकोच्या आधी मास्तरांना कळे. मुंबईहून गावी पोहोचेपर्यंत दोनेक दिवस हाती मिळत. खाला सांगते, की तार आली की नानी पहिल्यांदा चुलीतली राख चाळून ठेवी. आम्हां मुलांना वाटे, भांडी घासायला. राख बोटांना लावली की बोट घसरत नाही आणि बारीक केस चिमटीत धरता येतो. दुपारी घरातली सगळी निजली की नानी आणि शेजारच्या चाची दार लावून बसत. आमच्याकडे तारेने जे दोन दिवस मिळत, तेच मदिनेच्या बायकांना वेशीवर थांबलेल्या तांड्याने मिळवून दिले होते. नानीला ही हदीस ठाऊक होती का? मला वाटत नाही. तिला नमाजेपुरते कुरआन येत होते. पण ती रीत मात्र तिच्यापर्यंत पोहोचली होती.

नानीच्या घरात एक किताब होती, 'बहिश्ती जेवर'. आम्ही कोकणी मुसलमान मजहबाने शाफई, आणि मौलाना अशरफ अली थानवींची ही किताब हनफी. तरीही मुलीच्या जहेजमध्ये ती द्यायची पद्धत आमच्याकडेही आली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिलेल्या या किताबेत केसांचे मसले अगदी स्वच्छ शब्दांत आले आहेत: मर्दांसाठी वस्तरा बरा, हरताळ वगैरे लावून केस काढणेही जायज, आणि बाईने चिमटीने किंवा चिमट्याने काढावेत. हरताळ हा शब्द तिथेही आहे. वर्गातल्या त्या दादीने तो तिथूनच उचलला असेल, किंवा तिच्या आधीच्या दादीकडून. मदिनेच्या बायकांचे पाते आणि थानवी साहेबांचा चिमटा यांचा मेळ कसा लावायचा, हे आलिम सांगतील. मला शिक्षिका म्हणून एवढेच दिसते, की दोन्ही ठिकाणी लिहिणाऱ्याचा हात थरथरलेला नाही.

एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. हे काम घरात, बंद दाराआड का राहिले याला लाजेपलीकडेही कारण आहे. नाभीपासून गुडघ्यापर्यंतचा भाग बाईने बाईसमोरही उघडा करू नये, असा सतरचा मसला आहे. म्हणून आज ब्यूटी पार्लरमध्ये हातापायांचे वॅक्सिंग करून घेणारी आमची मुलगी उरलेले काम घरी स्वतःच करते. भुवयांचे तर प्रकरणच निराळे. त्या कोरण्याबद्दल हदीसमध्ये सक्त ताकीद आहे, आणि तरी दर लग्नात त्यावरून सासू-सुनांत कुजबुज होते. हमामांत मात्र हे काम करणाऱ्या बायका असत. कैरोत त्यांना 'बल्लाना' म्हणत. नवरीला हमामात न्यायचे, चोळून आंघोळ घालायची, नको ते केस काढायचे, सगळे तिच्याकडे. इराणात लग्नाआधी नवरीच्या चेहऱ्यावरून पीळ दिलेला दोरा फिरवायची रीत होती, 'बंद-अंदाजी'. कुमारिकेने ते करायचे नाही, म्हणून चेहरा पाहूनच बाई विवाहित की अविवाहित ते कळे. उर्दूत 'मश्शाता' हा सुंदर शब्द आहे, नवरीला सजवणारी. शायरांनी तो शब्द उचलला, तिच्या कामातला निम्मा भाग सोडून दिला.

वॅक्स म्हणजे पाश्चात्त्यांचे फॅड, असे आमच्या स्टाफरूममध्ये एक सर नेहमी म्हणतात. पाश्चात्त्यांकडे हे जुने आहे, यात शंका नाही. रोमन लोक झाडाची राळ तापवून केस उपटत. आमच्या खाडीत होड्यांना तेलात कालवून लावतात तीच जात. प्लिनी नावाच्या रोमन ग्रंथकाराने (मृत्यू इ.स. 79) लिहून ठेवले आहे, की राळेला आता सगळ्यात मोठा मान पुरुषांच्या अंगावरचे केस उपटण्यासाठी मिळतो, हे कबूल करायला शरम वाटते. पुरुषांच्या अंगावरचे! सरांना मी हे अजून सांगितलेले नाही. आजच्या डब्यातल्या वॅक्समध्येही पुष्कळदा राळ असते. पण बाराव्या शतकात इटलीतल्या सालेर्नो येथे बायकांच्या सौंदर्यप्रसाधनांवर जे लॅटिन पुस्तक लिहिले गेले, 'त्रोतुला' या नावाने ते पुढे प्रसिद्ध झाले, त्यात केस काढण्याचा लेप आहे तो चुना आणि हरताळाचा. म्हणजे नूराच. त्याच पुस्तकात सिसिलीतल्या मुसलमान बाईच्या एका नुस्ख्याचाही हवाला येतो. तेव्हा कोणी कोणाकडून घेतले याचा हिशेब एकाच बाजूने मांडता येत नाही. बायकांसाठी खास सेफ्टी रेझर अमेरिकेत जिलेट कंपनीने काढला तो 1915 साली. बाह्या नसलेल्या झग्यांची फॅशन आली आणि जाहिरातींनी अमेरिकन बायकांना काखेतल्या केसांची लाज शिकवली. आपल्याकडे काखेतल्या केसांचा प्रश्न तहारतचा होता, तिकडे तो झग्याचा झाला. आज आमच्या मुलींना तो दोन्हीकडून आहे.

आता साखर. घरगुती वॅक्स म्हणजे साखर, लिंबू आणि पाणी. मासिकांत आणि इंटरनेटवर हमखास वाचायला मिळते, की क्लिओपात्रा साखरेच्या पाकाने केस काढत असे. यावर विश्वास ठेवू नये. क्लिओपात्रा इ.स. पूर्व 30 मध्ये वारली. त्या काळी इजिप्तमध्ये ऊस नव्हता. वर सांगितलेला प्लिनी साखरेचा उल्लेख करतो तो हिंदुस्थानातून येणारी, फक्त औषधाला वापरली जाणारी वस्तू म्हणून. इजिप्तचे लोक केसांबाबत काटेकोर होते हे खरे. त्यांचे पुजारी दिवसाआड सगळे अंग तासत, असे ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने लिहिले आहे, आणि थडग्यांतून ताम्र-कांस्याचे वस्तरे सापडले आहेत. पण साखरेचा पाक त्यांच्याकडे येणार कुठून? ऊस इजिप्तमध्ये आला तो अरबांबरोबर, इस्लामच्या पहिल्या काही शतकांत. त्याच्याही आधी तो हिंदुस्थानातून इराणात गेला होता. शर्करेची शकर झाली, शकरची सुक्कर. खांडाचे कंद झाले. शब्द ज्या वाटेने गेला त्याच वाटेने ऊस गेला. म्हणजे साखरेने केस काढण्याची कला ही फराओंची नसून मुसलमान शहरांतल्या बायकांनी घडवलेली असावी, असे मला वाटते. कोणी पहिल्यांदा केली, तिचे नाव कुठल्या किताबात सापडत नाही. पाक करपायला आला, बोटाला चिकटला, ओढताना मनगटावरचे चार केस निघाले, आणि एखादी स्वयंपाकीण विचारात पडली. असेच काहीसे झाले असणार. इजिप्तमध्ये या पाकाला 'हलावा' म्हणतात, तुर्कीत 'आगदा'. बैरूतच्या नादीन लबकी यांनी 2007 साली एका ब्यूटी पार्लरवर चित्रपट काढला, 'सुक्कर बनात'. इंग्रजीत त्याचे नाव 'कॅरमेल'. तो कॅरमेल हाच.

आमच्या घरात ही विद्या खालाने आणली. खालू कुवेतला नोकरीला होते आणि 1978 साली खालाही तिकडे गेली. नानी तारेची वाट पाहत राहिली, खाला नवऱ्यामागे गेली, एका पिढीत एवढा फरक. शेजारीण फलस्तिनी होती. तिच्याकडून खाला हे शिकली. त्या बाईला उर्दू येत नव्हते, खालाला अरबी फक्त तिलावतपुरते. दोघींनी गॅससमोर उभे राहून हातवाऱ्यांनी सगळे केले. 2 ऑगस्ट 1990 रोजी इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या. तिथल्या हिंदुस्थानी लोकांना अम्मानमार्गे विमानांनी परत आणले गेले, ते एक लाख सत्तर हजारांच्या आसपास. त्यांत आमची खाला होती. बारा वर्षांचा संसार एका पिशवीत बसला. दागिने गेले, फ्रिज गेला, खालूंचा पगार बुडाला. त्या फलस्तिनी शेजारणीचे पुढे काय झाले ते खालाला कधीच कळले नाही. तिने शिकवलेली साखर मात्र खालाच्या हातात होती, ती कोणाला काढून घेता येण्याजोगी नव्हती.

मी कॉलेजात असताना खालाने मला शिकवले. दोन वाट्या साखर, पाव वाटी लिंबाचा रस, पाव वाटी पाणी. मंद आचेवर, सारखे ढवळत, मधाचा रंग येईपर्यंत. थंड पाण्याच्या वाटीत थेंब टाकायचा. त्याची मऊ गोळी झाली की उतरवायचे. लिंबू कशाला, असे मी विचारले तर खाला म्हणाली, नाहीतर पुन्हा साखर होते. बरोबरच आहे. आम्लामुळे साखरेचा रेणू फुटतो, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज वेगळे होतात, आणि मग पाकाचे खडे बनत नाहीत. हे मला बी.एस्सी.च्या पुस्तकात पुढे भेटले. मग थांबायचे. खरी विद्या ती थांबण्याची. पाणी उकळते 100 अंशांवर, पण हा पाक त्यापुढे पंधरा-वीस अंश तापलेला असतो, आणि पाण्यासारखा ओघळून जात नाही, चिकटून बसतो. म्हणून हाताने मळता येईल इतका कोमट झाल्याशिवाय अंगाला लावायचा नाही, आणि आधी मनगटाच्या आतल्या बाजूला इतकासा लावून पाहायचा. केसांच्या उलट दिशेने पसरायचा, केसांच्या दिशेने झटक्यात ओढायचा, दुसऱ्या हाताने कातडी ताणून धरायची. राळेच्या वॅक्सचे उलटे: लावायचे दिशेने, पट्टी ओढायची उलट. कातडीला जखम, पुरळ किंवा तीळ असेल तिथे हात लावायचा नाही. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या भानगडीत पडू नये. राहिलेला पाक गरम पाण्याने धुतला जातो, राळ जात नाही, तिला तेल लागते. खाला पट्टीही वापरत नसे, नुसता गोळा. पट्टीसाठी जुनी जीन्स फाडणे ही माझ्या पिढीची भर.

त्या भाजलेल्या मुलीने वापरले होते ते डब्यातले, राळेचे वॅक्स, उकळते. वर पट्टी दाबून ओढताना कातडीही निघाली.

मी मुलींसाठी एक तास मागितला. सदर मुअल्लिमा चांगल्या आहेत, पण त्या म्हणाल्या, पालक काय म्हणतील? स्टाफरूममध्ये दोन सर उठून बाहेर गेले. एका बाईंनी मला हळूच सांगितले, विज्ञानाच्या नावाखाली घ्या. मदत आली ती अनपेक्षित ठिकाणाहून. आमच्या शाळेत दीनियात शिकवणारे मौलाना पासष्टीच्या पुढचे, मानधनावर येतात, बोलतात कमी. ते चहा पीत होते. खाली पाहूनच म्हणाले, "बेटी, हम बारा बरस के थे तब ये बाब पढ़ा. पूरी जमात में, ज़ोर से. उस्ताद पढ़ाते थे, हम पढ़ते थे. इस में शरम की क्या बात?" मग थोडे थांबून म्हणाले, "लड़कियों को किसने पढ़ाया, ये हमने कभी सोचा नहीं." सदर मुअल्लिमांनी शनिवारचा तास दिला.

तास प्रयोगशाळेत झाला. दार लावले, नळकांड्यांचे कपाट बाजूला सारले. दोन पातेल्यांत साखर चढवली, एकात लिंबू घातले, एकात नाही. बिनलिंबाच्या पातेल्यात खडे धरले, दुसरे सोन्यासारखे राहिले. थर्मामीटर धरायचे काम मी त्या भाजलेल्या मुलीला दिले. तिने बाही वर केली नव्हती, पण आकडा मोठ्याने वाचला: एकशे सोळा. सगळ्या मुलींनी वहीत लिहून घेतला.

शेवटी, मागच्या बाकावरच्या त्या पहिल्या मुलीने विचारले, "टीचर, दादी लोग ये क्यों नहीं करते थे? हड़ताल तो ज़हर है." मला उत्तर सुचले नाही. घरी येऊन खालाला फोन केला. ती हसली. म्हणाली, तुझ्या नानीच्या घरात साखर रेशनवर मोजून यायची, तीही ईदच्या शीरखुर्म्यासाठी बाजूला पडायची, बाकीचे दिवस गुळाचा चहा. दोन वाट्या साखर अंगाला लावते म्हटले असते तर तिच्या सासूने तिला खाडीत ढकलले असते. राख काय, चुलीत रोजच होती.